नान्नजच्या माळावरची सकाळ

सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर, १९७९ साली घोषित झालेल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेलच अशी आशा धरून जाऊ नये, कारण तो आता अत्यंत दुर्मिळ झाला आहे. आम्ही गेलो होतो काळविटांसाठी, आणि तेथे निराशा झाली नाही. कुसळी गवतातून पिळदार शिंगांचा एक काळाकुळकुळीत नर मान मागे टाकून, नाक उंचावून ऐटीत चालला होता आणि त्याच्या पुढे फिकट तपकिरी, बिनशिंगी माद्या निवांत चरत होत्या. लांडग्याचा मात्र ओल्या मातीतला ठसाच तेवढा भेटला. भाड्याच्या गाडीचा चालक तासभर उशिरा आल्याने कोवळ्या उन्हाची खरी वेळ हुकली, याची रुखरुख राहिली. दुर्बीण आणि पाणी सोबत असावेच. माळावर सावली जवळजवळ नाही.