वर्षाची, महिन्याची की मुदतीची? आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी घेण्याआधी

वार्षिक, आपोआप नूतनीकरण: समजा, वर्षाची वर्गणी दहा महिन्यांच्या दरात मिळते. मग दहा महिन्यांच्या आत वापर थांबणार असेल तर मासिकच स्वस्त. पण खरी गोम असते नोटिशीच्या मुदतीत. करार १ जानेवारी ते ३१ डिसेंबर आणि नोटीस तीन महिने आधी, म्हणजे रद्द करण्याचा शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. १ ऑक्टोबरला जाग आली तर पुढचं अख्खं वर्ष गळ्यात, आणि तेही बहुधा पूर्ण दराने, कारण सवलत अनेकदा पहिल्या वर्षापुरतीच असते. जर्मनीने १ मार्च २०२२ पासूनच्या बहुतेक ग्राहक करारांत हे बंद केलं : पहिली मुदत संपल्यावर एका महिन्याच्या नोटिशीने केव्हाही बाहेर पडता येतं. तुमच्याकडे असं संरक्षण नसेल तर सही करण्याआधी ती शेवटची तारीख स्वतः मोजा.

मासिक: दर जास्त, पण विसरलात तर सहसा एकाच महिन्याचा फटका. मात्र ‘वार्षिक करार, मासिक हप्ते’ हा प्रकार याच नावाखाली खपवला जातो. मध्येच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांचा काही भाग भरावा लागू शकतो. ‘मुदतपूर्व रद्द शुल्क’ असं काही दिसलं तर ती मासिक वर्गणी नव्हेच.

ठरावीक मुदतीची: आपोआप संपते, म्हणून एखाद्या कामापुरती हवी असेल तर हीच घ्यावी. फक्त मुदतीनंतर तुमचा डेटा किती दिवस ठेवतात, ते पाहा.

मोफत चाचणी हा वेगळा पर्याय नाही. ती यांतल्याच एखाद्या करारात उतरते. चाचणी सुरू केली त्याच दिवशी रद्द केली तर काही सेवा चाचणी संपेपर्यंत चालतात, काही लगेच बंद होतात.

प्रामाणिक करारात पुढच्या कपातीची तारीख आणि रक्कम ‘पैसे भरा’ बटणाजवळच दिसते. भरती दोन टॅपमध्ये आणि सुटकेसाठी मात्र कार्यालयीन वेळेत फोन, असं असेल तर वार्षिक मुळीच घेऊ नका.

ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ॲप स्टोअरमधून घेतलेली तिथूनच रद्द करावी लागते. कार्ड ब्लॉक केलं तर कपात अडू शकते, पण करार चालू राहून थकबाकी चढू शकते. रद्द केल्याचा ईमेल आणि स्क्रीनशॉट पुढची कपात-तारीख उलटेपर्यंत जपून ठेवा.