कानात न जाणारा हेडफोन : सात महिने वापरल्यावर

आधी कानाचं सांगते, त्याशिवाय हेडफोनचं सांगण्यात अर्थ नाही. गेल्या जुलैत उजवा कान खाजायला लागला. मी दहावीच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास रबरी बोंडांचे इअरबड्स कानातच. पावसाळ्यात न्हायल्यावर केस वाळतात कधी? तसंच बड्स कोंबून आठच्या बॅचला बसायचं. खाज आली की कापसाची काडी, ती हाताशी नसली तर केसांची पिन. (पिनेचं आता सांगायलाही लाज वाटते.) आठवड्याभरात कान ठणकू लागला. पाळी नुसती ओढली तरी डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं, दोन थेंब सोडले. रात्री बरं वाटलं, सकाळी कान गच्च बंद.

कानाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर, त्यावर काळे ठिपके. "कांद्याच्या सालीवर काळी पूड असते ना, त्याच जातीची बुरशी. तेल घातलंत ना?" मी गप्प. मग त्यांनी समजावलं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर, आतल्या टोकाला कानाच्या पडद्याने बंद. तिथला मळ थोडा आम्लधर्मी आणि तेलकट असतो, पाणी आणि जंतू तोच अडवतो. काडीने आपण नेमका तोच पुसून काढतो, कातडीला ओरखडे पाडतो आणि वर बोंड बसवून ओल आत कोंडतो. मशीनने आतली घाण ओढून कान साफ केला तेव्हा डोक्यात व्हॅक्यूम क्लीनर चालल्यासारखा आवाज झाला आणि क्षणभर गरगरलं. क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचे थेंब, तीन आठवडे कानात पाणी नाही, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. बड्स बंद. मधुमेह आहे का, हे त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. असेल तर अशी कानदुखी अंगावर काढायची नसते.

म्हणून ऑगस्टमध्ये हा बोन कंडक्शनवाला घेतला. कानापुढच्या हाडावर टेकतो, थरथरीतून आवाज आत जातो, कानाची भोकं मोकळी. पहिले दोन दिवस गालावर मुंगी चालल्यासारखं वाटायचं, आवाज वाढवला की गुदगुल्या. आता जाणवत नाही. शिकवण्यांसाठी उत्तम : मुलांचं बोलणं स्वच्छ येतं आणि कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात. बॅटरी दिवसभर पुरते.

गाण्यांसाठी मात्र घेऊ नका. तबल्यातला बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा खर्ज, जवळजवळ गायब होतो. लोकलमध्ये तर काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवायचा मोह होतो, पण कान मोकळे असले तरी आतल्या नसेवर ताण येतोच. चष्मा असेल तर काडी आणि पट्टी कानामागे एकमेकींशी भांडतात. चार तासांनी तिथे लाल वळ उठतो, मी मध्ये दहा मिनिटं काढून ठेवते. चार्जिंगची वायर चुंबकाची आणि फक्त याच्याच मापाची. गावाला जाताना विसरले आणि तीन दिवस फोनच्या स्पीकरवर शिकवलं.

किंमत साडेसहा हजार. नुसत्या आवाजासाठी इतके मोजले नसते.

हेडफोनने कान बरा झाला असं मात्र म्हणणार नाही. बरा झाला तो साफसफाईने, थेंबांनी आणि कोरडा ठेवल्याने. यानं एवढंच केलं की मला पुन्हा कानात काही खुपसावं लागलं नाही. कापसाच्या काड्यांची डबी मी स्वतः कचऱ्यात टाकली. सासूबाईंनी लपवलेली दुसरी दिवाळीच्या सफाईत सापडली.

रंगपंचमीला कानात पाणी गेलं आणि दोन दिवसांनी पुन्हा खाज. घाबरून डॉक्टरांकडे गेले. पडद्यावर कान कोरडा, गुलाबी, कडेला पिवळसर मळ. "काढायचा का?" मी विचारलं.

"राहू द्या की."