सेकंडहँड लॅपटॉप चांगला, झोपेचं तेवढं पाहून घ्या

तालुक्याच्या दुकानातून लिनक्स (विंडोजसारखीच एक सिस्टीम) टाकेल जुना लॅपटॉप घेतला. स्क्रीन मस्त, पण झाकण लावून वावरात गेलो की संध्याकाळी बॅटरी ठणठण गोपाळ! दुकानदार म्हणे बॅटरी बदला, मी म्हटलं थांबा बाप्पा. मेम स्लीपची, म्हणजे झाकण लावल्यावर लॅपटॉप कसा झोपते त्याची, सेटिंग पाह्यली तं एसटूआयडल निघालं, म्हणजे नुसती डुलकी, ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम) डीप, म्हणजे गाढ झोप, केलं आन् आता रातभर ठेवला तरी बॅटरी उरते. हायबरनेटनं (चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप पुरा बंद करणं) मात्र लय डोकं खाल्लं, रॅम ८ जीबी आन् स्वॅप, म्हणजे रॅममधलं काम ठेवाची डिस्कवरची जागा, २ जीबी, मंग मावंल कसं? १० जीबीचं स्वॅप पार्टिशन केलं, रिझ्यूमले (काम परत उघडाची सेटिंग) त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, देल्ला, हायबरनेट अडवणारं सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद केलं, तवा कुठं जमलं. आता लोडशेडिंगच्या टायमाले हायबरनेट करतो, लाईन आली की फायली जशाच्या तशा. चार स्टार, गरज नसताना नवी बॅटरी गळ्यात मारत होते म्हणून एक कापला.