झोलिंगेनचा जुना वस्तरा: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव आणि एका निळ्या डागाची कटकट

"साहेब, याचं पाणी उतरलंय. निळा पडलाय बघा. भंगारात टाका, माझ्याकडे नवा आहे." धार लावायला दिलेला वस्तरा परत घेताना हे ऐकावं लागलं. धार लावलीच नव्हती, तरी 'बघण्याचे' दीडशे रुपये घेतले ते वेगळेच. त्या दीडशे रुपयांपायीच हे लिहितोय. एरवी तक्रारीला जागा नव्हती. पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचा, पातं पाच-अष्टमांश इंच रुंद, फुल हॉलो (दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेलं), पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून सातशेला मिळालेला. दाढी सुरेख होते, नाकाखालीही नीट वळतो. मूठ जरा सैल आहे, पण चालतं.

आता डाग. पात्याच्या टोकाकडे, मणका (पात्याची जाड पाठ) आणि धार यांच्या मधोमध, करडा-निळा, कडेला जांभळट. पावसाळ्यात उमटला. धारवाल्याचं म्हणणं, हा उष्णतेचा, म्हणजे पात्याचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरला.

पोलाद तापलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि त्याची जाडी वाढत जाते तसा रंग बदलतो. साध्या कार्बन पोलादावर दोनशे-सव्वादोनशे अंशांना फिकट पिवळा, अडीचशेच्या पुढे तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. वस्तऱ्याला कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला बेतानं पुन्हा तापवून जो ताव देतात तो साधारण दोनशेच्या आतबाहेरचा. म्हणजे उष्णतेनं पातं खरोखर निळं झालं असेल, तर तिथला कडकपणा गेलाच. इथवर धारवाला बरोबर.

पण माझ्या बाथरूममध्ये तीनशे अंश कुठून येणार? उकळतं पाणी ओतलं तरी शंभराच्या वर जात नाही. शिवाय उष्णता आधी पकडते ती पातळ भागाला. धार कागदासारखी, मणका जाड. धार स्वच्छ राहून मधलाच भाग निळा झाला, हे तापण्याचं लक्षण नव्हे. तापल्याचे रंग ओळीनं येतात. सर्वांत गरम जागी निळा, मग जांभळा, तपकिरी आणि शेवटी पिवळा विरत जातो. माझ्या डागात तसली ओळ नव्हती. थेंब सुकल्यावर राहते तशी वेडीवाकडी कड होती. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं जसं काळंनिळं पडतं, त्याच जातीचं हे काम. कैरीच्या जागी माझी तुरटी. कातडी ताणताना बोटं घसरू नयेत म्हणून मी तुरटीवर घासतो आणि त्याच ओल्या बोटांनी पातं पुसतो. तुरटी आम्लधर्मी, त्यात पावसाळी दमट हवा. आणखी काय हवं?

ब्रासोनं डागाचा कोपरा घासला. रंग गेला, पण खाली पृष्ठभाग किंचित मंद, खरखरीत निघाला. म्हणजे पोलाद वरवर खाल्लं गेलंय. तापल्याचा थर निघाला असता तर खालची चकाकी जशीच्या तशी राहिली असती. धार टिकत होतीच. खटला माझ्या बाजूनं निकाली.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग मुठीकडच्या कोपऱ्यात साचलेलं जुनं काळं ग्रीस रॉकेलनं काढलं आणि खालून जे दिसलं त्यानं मत बदललं. पिवळा, तपकिरी, जांभळा आणि अगदी कोपऱ्यात निळा, ओळीनं, धारेपर्यंत पोचलेले. आधीच्या कुणी मालकानं बफच्या (पॉलिशच्या कापडी) चाकावर चमकवताना हा कोपरा तापवला असणार. धारेच्या दगडावर घासून घड्याळजीच्या भिंगातून पाहिलं. बाकी धार सरळ, पण त्या पाव इंचात काठ उलटून बसतो. चामड्यावर फिरवून सरळ केला तरी एका दाढीत पुन्हा वळतो. धारवाल्याचं निदान खरं ठरलं, पण दुसऱ्याच जागेसाठी, आणि ती जागा त्यानं पाहिलीही नव्हती.

यावर घरी उपाय नाही. पुन्हा कडक करायला गेलं तर इतकं पातळ पातं वाकडं होणार. तो भाग घासून काढण्याएवढं पातं रुंद नाही. मी तो कोपरा वापरतच नाही, उरलेलं पातं पुरतं.

जुना वस्तरा घेणाऱ्यांनी डागाळलेल्यापेक्षा आरशासारखा चमकवलेला वस्तरा अधिक संशयानं बघावा. बफिंगनं तापल्याचा रंग निघून जातो, पाणी मात्र परत चढत नाही, आणि विकणारा त्या चमकेचेच जास्त पैसे घेतो. टोक आणि मुठीकडचा कोपरा भिंगाखाली पाहा. शक्य असेल तर धार लावून दोन-तीन दाढ्या केल्याशिवाय पैसे चुकते करू नका. टोकाचा डाग मी पुसणारही नाही, फक्त तुरटीची बोटं आधी धुतो आणि पात्याला खोबरेल लावून ठेवतो.

वस्तऱ्याला पाचपैकी साडेतीन तारे. धारवाल्याला एकही नाही. दीडशे रुपये परत मागितले तर म्हणाला, "बघितलं तर होतं ना!"