फर्मी-लॅट लाइट कर्व्ह रिपॉझिटरी : वर्गात वापरल्यानंतरचा अभिप्राय

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवताना गेले वर्षभर मी ही मोफत सेवा वापरत आहे. नासाचा फर्मी उपग्रह २००८ पासून गॅमा किरणांत आकाश न्याहाळतो. त्यावरील लॅट दुर्बिणीने टिपलेल्या, तेज कमीजास्त होणाऱ्या दीड हजारांहून अधिक स्रोतांचे काळानुसार तेज दाखवणारे आलेख (लाइट कर्व्ह) येथे कोणालाही पाहता आणि उतरवून घेता येतात. त्यांतील बहुतेक ब्लेझार आहेत, म्हणजे ज्यांच्या कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळजवळ आपल्यावरच रोखलेला आहे अशा दीर्घिका.

मी मुलांना प्रथम ३सी ४५४.३ हा ब्लेझार दाखवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी डोक्यावर येणाऱ्या भाद्रपदांच्या चौकोनातील पूर्वा भाद्रपदेच्या दक्षिणेकडील ताऱ्यापासून तो तीनेक अंशांवर आहे. नुसत्या डोळ्यांनी तेथे काहीच दिसत नाही, पण आलेखात नोव्हेंबर २०१० पाशी सुळका उभा आहे. ज्याचा प्रकाश पोहोचायला सुमारे सात अब्ज वर्षे लागतात, तो हा स्रोत तेव्हा गॅमा किरणांत एरवी सर्वांत तेजस्वी दिसणाऱ्या, आपल्या आकाशगंगेतील वेला स्पंदकालाही (वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यालाही) मागे टाकून गेला होता. "सर, हे मोजायची चूक असन न?" असे एकाने विचारले. ज्यात प्रत्येक बिंदू महिन्याऐवजी तीन दिवसांचा असतो तो आलेख उघडताच सुळक्याचे बिंदू सुटे झाले, चढण आणि उतरण वेगळी दिसली, आणि प्रत्येक बिंदूची त्रुटीरेषा (मोजमाप किती चुकू शकते ते दाखवणारी रेघ) सुळक्याच्या उंचीपुढे किरकोळ असल्याचे त्याला स्वतःच कळले.

तीन दिवसांहून बारीक तुकडे मात्र येथे मिळत नाहीत. नामिबियातील हेस दुर्बिणींनी जुलै २००६ मध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे तेज मिनिटामिनिटाला बदलताना पाहिले होते. तसले काही या आलेखांत शोधू नये. आलेखातील खाली रोखलेल्या बाणांचा अर्थ 'तेज याहून अधिक नव्हते' इतकाच आहे, हे आधी सांगावे लागते, नाहीतर मुले तो आकडाच तेज समजतात. शिवाय हे आलेख १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंतच्या किरणांचेच आहेत. त्याहून अधिक ऊर्जेच्या किरणांसाठी लडाखमधील हानले येथील २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीसारखी साधने लागतात.

दुपारी आमच्याकडे वीज नसते, म्हणून मी आकडे रात्रीच उतरवून छापून नेतो. मुलांनी ते आलेखपत्रावर हाताने मांडले, तेव्हा २०१० चा सुळका एका कागदात मावेना; वर दुसरा कागद चिकटवावा लागला.