एपिलेप्सी युनिट आणि स्कॅन: भावासोबत पाच दिवस राहून आलो त्याचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला अकराव्या वर्षापासून फिट येतात, आता तो चोवीसचा आहे. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग नजर स्थिर, तोंड चावल्यासारखं हलत राहतं आणि डावा हात वाकडा होऊन आखडतो. तीन औषधं झाली तरी थांबेना. दोन नीट दिलेल्या औषधांनी फिट थांबल्या नाहीत तर पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात हे आम्हाला इथे आल्यावर कळलं, तोपर्यंत वर्षं गेली ना.

कारण काय तर आधी एका सेंटरला एमआरआय केलेला आणि रिपोर्ट नॉर्मल. आम्ही त्या एका शब्दावर विसंबून बसलो. इथे डॉक्टरांनी जुनी सीडी लावली आणि म्हणाले, काप (स्कॅनमधले थर) जाड आहेत, हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला छोटा भाग, नीट दिसतच नाहीये. मग ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर एपिलेप्सी प्रोटोकॉलने परत काढला, म्हणजे १ मिलिमीटरचे काप आणि हिप्पोकॅम्पसला आडवे छेद. त्यात उजवा हिप्पोकॅम्पस बारीक आणि जास्त पांढरा दिसला, आमच्यासमोर स्क्रीनवर डावा-उजवा शेजारी ठेवून दाखवला, आईलासुद्धा फरक कळला. तिला रडूच आलं, तेरा वर्षांनी काहीतरी डोळ्यांना दिसलं म्हणून.

मग व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी आणि फिटचं शूटिंग एकत्र. डोक्याला वायरी, चोवीस तास कॅमेरा, औषधं त्यांच्या देखरेखीखाली कमी केली, तीन फिट रेकॉर्ड झाल्या. घाबरायला होतं पण सिस्टर खरंच धावत येतात. पेट स्कॅन उपाशीपोटी होता, मेंदू साखर कुठे कमी वापरतो ते त्यात दिसतं, तिथेही उजवा टेम्पोरल भागच (कानाजवळचा, ज्यात हिप्पोकॅम्पस असतो) निघाला. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते, म्हणून डावा हात आखडणं हीसुद्धा उजव्या बाजूचीच खूण, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सगळं जुळलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की उगाच स्कॅन वाढवले नाहीत. शेजारच्या बेडवरच्या मुलीचा एमआरआय स्वच्छ होता म्हणून तिला स्पेक्ट (फिटच्या वेळी मेंदूत रक्त कुठे वाढतं ते दाखवणारा स्कॅन) लागणार होतं, त्यात फिट सुरू झाल्या झाल्या काही सेकंदांत इंजेक्शन द्यावं लागतं, त्यासाठी स्टाफ सकाळपासून भरलेली सिरिंज घेऊन बेडजवळ बसलेला. आम्ही विचारलं आमचं का नाही, तर म्हणाले तुमच्या तिन्ही तपासण्या एकाच जागेवर बोट ठेवतायत, गरज नाही. मेंदूतला तो भाग काढायच्या ऑपरेशनबद्दलही थेट बोलले, २००१ च्या कॅनडातल्या अभ्यासाचे आकडे सांगितले, ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के लोकांना वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या फिट नव्हत्या, नुसत्या औषधांवर ८ टक्के. स्मरणशक्तीची टेस्ट बाकी आहे, ती झाल्यावर ठरवू.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण बेडसाठी दोन महिने थांबलो आणि पेटचं बिल वेगळं लागतं हे आधी कोणी सांगितलं नाही.

येताना जुन्या एमआरआयचा नुसता कागद नको, सीडी आणा. आणि घरी फिट आली की एकाने त्याला सांभाळायचं, दुसऱ्याने मोबाईलवर शूट करायचं, चादर बाजूला काढून, दोन्ही हात फ्रेममध्ये दिसले पाहिजेत.