'क्लास नॉट रजिस्टर्ड' आलं की आधी काय उघडायचं, इव्हेंट व्ह्यूअर की प्रोसेस मॉनिटर?

जुनी व्हीबी६ आणि डॉटनेटची डेस्कटॉप अ‍ॅप्स सांभाळणाऱ्यांना या एररचा ८००४०१५४ हा नंबर तोंडपाठ असतो. व्हीबीवाल्यांना तोच बहुतेक वेळा ४२९ म्हणून भेटतो. अ‍ॅपला कॉमचा (एका प्रोग्रामचे तयार भाग दुसऱ्याला वापरू देणारी विंडोजची पद्धत) एखादा कंपोनंट हवा असतो आणि विंडोज सांगतं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. आता शोध कुठून सुरू करायचा?

इव्हेंट व्ह्यूअरची, म्हणजे विंडोजचे लॉग दाखवणाऱ्या टूलची, बाजू आधी, कारण तो वाईट नाहीये. मशीनवर असतोच, क्लायंटच्या आयटीवाल्याला मस्का मारून काही डाउनलोड करावं लागत नाही, आणि अ‍ॅप काल रात्री पडलं असेल तर आज सकाळी बघता येतं. कंपोनंट वेगळ्या ईएक्सईमध्ये असेल आणि ती वेळेत उठली नाही तर १००१० चा इव्हेंट मिळतो, त्यात सीएलएसआयडी (कंपोनंटचा ओळख क्रमांक) पण असतो. मॅनिफेस्टचा (काय काय लागतं ते सांगणारी फाइल) घोळ असेल तर साइडबायसाइडचा ३३ नंबर बघा, बऱ्याचदा तिथेच काम होतं.

पण माझं डोकं फिरतं ते १००१६ मुळे. विंडोज १० च्या मशीनवर सिस्टिम लॉग उघडला की डिस्ट्रिब्यूटेडकॉमच्या १००१६ ची रांगच लागलेली असते, परमिशनची भाषा, लांबलचक सीएलएसआयडी, नवीन माणसाला वाटतं सापडला चोर, मग तो डीकॉमकॉन्फिग उघडून परवानग्या बदलत बसतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःच म्हणतं की हे बाय डिझाइन आहे, दुर्लक्ष करा. आणि खरी गंमत म्हणजे तुमचा कंपोनंट डीएलएल असेल, म्हणजे अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये लोड होणारा, तर क्लास नॉट रजिस्टर्डची नोंद तिथे सहसा होतच नाही. नको ते भरभरून आणि हवं ते गायब.

प्रोसेस मॉनिटर म्हणजे सिसइंटर्नल्सचं टूल, २००६ मध्ये फाइलमॉन आणि रेगमॉन एकत्र करून आलेलं. ते मत देत नाही, फक्त अ‍ॅपने कुठे कुठे दार वाजवलं, कुठली फाइल आणि रजिस्ट्रीतली (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) कुठली नोंद मागितली, ते दाखवतं. आमच्याकडे एक रिपोर्ट छापणारी डॉटनेट युटिलिटी होती, ३२ बिट विंडोजवर वर्षानुवर्षं नीट चाललेली, नवीन ६४ बिट मशीन आलं आणि बंद. लोकांनी रेगएसव्हीआर३२ (डीएलएल रजिस्टर करणारी कमांड) मारून बघितलं, प्रत्येक वेळी 'सक्सीडेड', आणि एरर जशीच्या तशी. प्रोसेस मॉनिटरमध्ये एकच ओळ बोलली: युटिलिटी रजिस्ट्रीच्या ६४ बिट बाजूच्या सीएलएसआयडीखाली शोधत होती, 'नेम नॉट फाउंड', आणि डीएलएल ३२ बिट असल्याने रजिस्टर झाली होती वाव६४३२नोडमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीच्या ३२ बिट बाजूला. युटिलिटी एनी सीपीयूवर बिल्ड केलेली म्हणून ६४ बिट होऊन चालत होती. एक्स८६ करून परत बिल्ड केली, संपला विषय. हे इव्हेंट व्ह्यूअरने जन्मात सांगितलं नसतं असं मला तरी वाटतं.

डीएलएल सापडली पण तिला लागणारी दुसरी डीएलएल नाही, अशा केसमध्ये (एरर ८००७००७ई) पण हेच, कुठल्या फाइलसाठी फोल्डरमागून फोल्डर धुंडाळले ते ओळीने दिसतं.

त्रास आहेच. अ‍ॅडमिन राइट्स लागतात, एरर येताना चालू असावं लागतं, आणि फिल्टर न लावता सोडलं तर मेमरी खात बसतं, म्हणून ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स टिक करा. दुसरं म्हणजे प्रत्येक नेम नॉट फाउंड ही चूक नसते, विंडोज रजिस्ट्रीत आधी करंट यूजरकडे बघतं, तिथे नाही म्हणाल्यावर मग लोकल मशीनकडे जातं, त्यामुळे एकाच सीएलएसआयडीचे दोन्हीकडचे नकार दिसतायत का ते बघायचं.

सर्व्हरवर रात्री चालणारं काहीतरी असेल, किंवा क्लायंट बाहेरची ईएक्सई चालवूच देत नसेल, तर इव्हेंट व्ह्यूअरच बरा, तिथे मी वाद घालणार नाही. बाकी समोर बसून एरर परत आणता येत असेल तर फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव टाका, पाथमध्ये सीएलएसआयडी, रिझल्ट सक्सेस सोडून बाकी सगळे, कॅप्चर चालू करून ते बटण दाबा, एरर आली की लगेच कंट्रोल ई ने थांबवा आणि यादी खालून वर वाचत या.